फोटोतला धूर

गोवा घटक राज्य व्हावं म्हणून होणाऱ्या सभांत मी पत्रकं वाटायचो, तेव्हाची गोष्ट. आमच्या पेडण्यात रेल्वे नव्हती, पण मामा घाटाखालच्या कुळे स्टेशनात वाफेच्या इंजिनावर फायरमन होता. ती इंजिनं बंद होणार म्हणून इंजिनांचे फोटो काढणाऱ्या परदेशी हौशी लोकांनी खास गाडी ठरवली. मामाचा इंजिनावरचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. तो काढायला मी म्हापशाच्या स्टुडिओतून कॅमेरा मागून आणला.

चढावर हौशी मंडळी खाली उतरली. फोटोसाठी गाडी मागे नेऊन पुन्हा पुढे आणायची, आणि धूर काळाकुट्ट हवा, असं त्यांनी बजावलं.

मी मोर्च्यातल्या आवाजात ओरडलो, “मामा, जरा तोंड बाहेर काढ.”

“आणि कोळसो कोण घालतलो, तुझो बापूस?”

काळा धूर हवा तर फायरमनला भट्टीपुढे वाकावंच लागतं. गाडी परत परत गेली, मामा वाकलेलाच. फोटोत माणूस नको, त्याची मेहनत तेवढी हवी, असला हा शौक.

फोटो धुऊन आले. आईने भावाला शोधत एकेक उजेडात धरला.

“ह्यात माझो भाव खंय?”

“हा धूर त्याचाच,” मी म्हटलं.

तिने फोटो पाकिटात परत घातले.