तांब्याची सावली

भुतंखेतं, करणी, नजर... यातलं मी काही मानत नाही. जन्मभर भिंती रंगवून लोकांचे डोळे फसवले. माझे स्वतःचे सहसा फसत नाहीत. तरी लिहितोय, कारण आता वाद घालायचंही त्राण उरलं नाही.

बाहत्तरचा दुष्काळ. राहात्याच्या एका अडत व्यापाऱ्याच्या बैठकीत मी ऑइलपेंटनं कोनाडा काढला होता, आत पितळी तांब्या. दोन्ही खोटे, पण येणारा प्रत्येक जण तांब्याला हात घालायचा. कारण साधं — खिडकी डावीकडे, म्हणून सावली मी उजवीकडे टाकली होती.

पुढे शेजाऱ्यानं गोठा बांधला. वासामुळे शेठनी डावी खिडकी बुजवून उजवीकडे नवी पाडली आणि तांब्या भिंतीला चिकटवल्यासारखा दिसू लागला.

"आधी सावली फिरवा, मग मंगल कार्यालयाचं बोलू," शेठ म्हणाले. त्यांचं नवं कार्यालय रंगवायचं होतं; त्या साली तेवढं एकच मोठं काम.

"खिडकी तुम्ही फिरवली, सावली मी का फुकट फिरवू?" मी तडकून निघालो. आठवड्यानं राग निवला, ब्रश घेऊन परत गेलो.

"लई उशीर केला, अण्णा. दत्तूनं केलं बी!" शेठ म्हणाले.

दत्तू माझ्याच हाताखाली शिकलेला. तिथंच खाली मान घालून उभा होता.

मी भिंतीपाशी गेलो. सावली डावीकडे! तांब्यावरची चकाकीसुद्धा सरकलेली. पण नव्या रंगाचा वास नाही, फटकारा नाही. त्याच जागी भिंतीला केसाएवढी जुनी चीर होती. रंग लागला असता तर ती बुजली असती. ती तशीच उघडी.

"शेठ, हे कुणी रंगवलेलंच नाही!"

"मंग तांब्या आपसूक वळला व्हय? जळताय तुमी त्याच्यावर."

कार्यालय दत्तूला मिळालं. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. भेटेल त्याच्यापाशी मात्र त्याला शिव्या घातल्या.

परवा तो घरी आला. तोही म्हातारा झालाय आता. चहा संपवून म्हणाला, "अण्णा, आता तरी सांगा. ती सावली तुमीच फिरवली हुती ना? मी गेलो तवा झालेलंच हुतं. शेठनं इचारलं, मी व्हय म्हनलो."

"मी नाही, दत्तू."

त्याला पटलं नाही. पायरीवरून वळून पुन्हा म्हणाला, "मंग कुनी?"

इतकी वर्षं निदान राग धरायला एक माणूस होता... आता राग धरायलाही कुणी उरलं नाही.