घरातली हळवी

आमच्याकडे भातही हळवं असतं, म्हणजे लवकर तयार होणारं, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. मला मात्र तो शब्द चिकटला तो लहानपणी तापाने अंथरूण धरलं तेव्हापासून. "पोर हळवी हाय," आय येईल त्याला सांगायची. मग हिला होडीत बसवू नका, हिच्यासमोर मयताचं बोलू नका. बाबा समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत, तेही मला कित्येक दिवस कुणी सांगितलं नाही. मला पहिल्याच सकाळी कळलं होतं. पण माझ्यापासून लपवायला सगळ्यांनी इतकी मेहनत घेतली होती की मी गुपचूप पेज जेवत राहिले. फार कोंडल्यासारखं व्हायचं.

आय स्वतः कधी रडली नाही. मासळीबाजारात तिच्या आवाजापुढे कुणाचं चालत नसे.

आमच्या मांडव्याकडच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. मी सातवी पास झाले, तसा गोदीत कामाला असलेला मामा मला मुंबईला शिकायला न्यायला आला.

"हळवी हाय ती. तिला मुंबय सोसायची न्हाय," आय म्हणाली.

मामा हट्टाला पेटला. "पावसाआधीची ही शेवटची लाँच. आता न्हाय आली तर शाळेत कोन घेल तिला?"

शेवटी आयने माझं बोचकं बांधलं. मला इतका आनंद झाला की त्याचीच लाज वाटली.

मांडव्याच्या धक्क्यापर्यंत आय माझं मनगट धरून आली. मामा बोचकं घेऊन पुढे झाला आणि त्याने मला हाक मारली. मी हात ओढला, तो सुटेना. आय समुद्राकडे बघतच नव्हती. पायाखालच्या दगडावर तिची नजर होती आणि ती तोंडातल्या तोंडात 'जाव नको, जाव नको' म्हणत होती.

"आक्का, सोड तिला," मामा म्हणाला. लोक वळून बघू लागले.

हात झटकायची ताकद माझ्यात होती. पण चारचौघांत आयची ती दशा मला बघवेना. मी मोठ्याने म्हणाले, "मामा, मना लाँचीची भीती वाटते. मी न्हाय येत."

आयचा हात सैल पडला.

"सांगत व्हते ना, हळवी हाय," ती आपल्या बाजारातल्या आवाजात म्हणाली.

लाँच मामाला घेऊन गेली. परतताना बोचकं आयनेच डोक्यावर घेतलं. हळव्या पोरीला ओझं द्यायचं नसतं.