वरच्या कप्प्यातलं औषध

नातीला वाटतं, आजी जन्मतःच शहाणी. तिला माझी तरुणपणची हुशारी ठाऊक नाही.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता माझी पीएचडी चालली होती. कॅडमियम मिसळलेल्या पाण्यात चिलापी मासे ठेवायचे आणि त्यांच्या यकृतात धातूला धरून ठेवणारं प्रथिन किती वाढतं ते मोजायचं. मोठं चिवट प्रथिन. यकृताचा रस उकळत्या पाण्यात धरला की बाकीची प्रथिनं दुधासारखी नासतात, हे ढिम्म. पण मोजेपर्यंत यकृत गोठलेलंच राहायला हवं.

ऐन मे महिन्यात प्रयोगशाळेचा फ्रीजर बंद पडला. वर्षभर जमवलेल्या यकृतांच्या कुप्या मी थर्मासात बर्फ भरून घरी आणल्या आणि फ्रीजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. घर माळकरी. सासूबाईंसमोर, म्हणजे आमच्या आत्यांसमोर, अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती.

"काय गं ते?"

"औषध आहे, आत्या."

किती झटकन सुचलं म्हणून मी स्वतःवरच खूश!

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आत्यांनी फ्रीज बंद करून धुतला. संध्याकाळी येऊन बघते तर कुप्या देवघराच्या फळीवर, एकेक पुसून ओळीनं मांडलेल्या. आत सगळं पाणी पाणी.

"औषध म्हनलीस, म्हणून देवापाशी ठिवलं की."

मी रडत रडत खरं सांगितलं. त्यांनी आधी डोक्यावरून पाणी घेतलं, देव धुतले, मग माझ्यासमोर येऊन बसल्या.

"येडे, मासं हायती म्हनली असतीस तर मी त्या फ्रीजकडं फिरकले तरी असते का?"

खरंच की. त्यांच्या शिसारीइतकं पक्कं कुलूप मला कुठं मिळणार होतं?

पीएचडीचे मार्गदर्शक सर म्हणाले, पुन्हा सुरू करा. मी रुसले. कुणावर, ते आजही सांगता येत नाही. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिले आणि सर निवृत्त झाले.

आत्यांनी मात्र त्याच आठवड्यात वरचा कप्पा रिकामा केला. "आण तुझं मासं. मी बघायची न्हाय तिकडं." पुढं पोरं कुल्फी लावायला गेली की ओरडायच्या, "हात लावू नगा, आईची जागा हाय ती." मी न ऐकल्यासारखं करायचे. वर्गात त्या चिवट प्रथिनावर तास तास बोलणारी बाई स्वतः एका उन्हाळ्यात नासली होती.

आत्या गेल्या तेव्हाही तो कप्पा मोकळाच होता. दिवसकार्य उरकल्यावर मी त्यात मटार भरले.