उदबत्तीच्या काडीनं फुलीला टेकवा

जुना खिशातला कॉम्प्युटर घ्यायचा विचार असेल तर आधी मला भेटा. मारेगावात माझ्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात तो आला, तेव्हा बघायला अर्धा तालुका लोटला होता. उरलेला अर्धा आला नाही, कारण रस्त्यात जागाच राहिली नव्हती.

पंजाएवढं यंत्र, हिरवट पडदा, लिहायला प्लास्टिकची काडी. काडी पहिल्याच आठवड्यात हरवली, मग मी उदबत्तीच्या काडीनं लिहू लागलो. बॅटरी अशी, की दुकानातून चहाच्या टपरीवर जाईस्तोवर अर्धी संपे, आणि चहा गरम असला तर उरलेलीही. "मोबाइल असताना हे कायले?" लोक विचारत. मोबाइल सगळ्यांकडे होता, हे कोणाकडेच नव्हतं. खरं कारण तेवढंच.

बॅटरी पार संपली की हे यंत्र सगळं विसरतं. नागपुरात विकणाऱ्यानं तसं बजावलं होतं. मी मान डोलावली. मान डोलावताना मी सहसा ऐकत नाही.

माझ्या उस्तादांची एक वही होती. कोणत्या मोटरच्या खाचेत तारेचे किती फेरे, किती गेजची तार, सगळं त्यात. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी ती माझ्या हाती दिली. मी दोन महिने बसून ती यंत्रात उतरवली आणि रद्दीवाल्याला देऊन टाकली. उस्तादांनी विचारलं की म्हणायचो, "कपाटात हाये."

यंदा गव्हाच्या ओंब्या भरताना मुकुटबनच्या एका काकूंची विहिरीवरची मोटर जळून आली. जुनी मोटर, कंपनी कधीच बंद पडलेली. काकू म्हणाल्या, "भाऊ, गहू पिवळा पडून राह्यला. परवा शेताले विजेची दिवसाची लाइन हाये. नवी तार भरून द्या."

"फेऱ्यांचा आकडा खिशात हाये काकू, तुमी निश्चिंत जा!"

जळालेली कॉइल फेरे मोजल्याशिवाय टाकायची नाही, हे उस्तादांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी न मोजताच कापली, आणि दारात भंगारवाला उभा होता म्हणून तार त्याच दमात त्याच्या गाडीत टाकली. मग ऐटीत यंत्र काढलं. पडदा काळा. आदले तीन दिवस मी बोरी अरबला लग्नात होतो. यंत्र चार्जरला लावून गेलो होतो, बटन मात्र बंदच होतं.

चार्ज झाल्यावर ते जागं झालं. पडद्याच्या मधोमध एक फुली आली आणि काडी टेकवा म्हणू लागली. टेकवली. मग कोपऱ्यात दुसरी फुली. शेवटी आजची तारीख विचारली. काल विकत घेतल्यासारखं कोरं.

रिकामी मोटर घेऊन उस्तादांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. मोटर कोणती ते सांगून मी फेरे विचारले.

"वही आन ना मियां. मधल्या पानावर हाये तिचा आकडा. वार्निशचा डाग पडलाय त्याच्यावर."

इथं एरवी मी चार गोष्टी रचल्या असत्या. उंदीर, पाणी, चोर. तोंडातून निघालं, "वही नाही हाये उस्ताद. रद्दीत देल्ली."

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मग म्हणाले, "मोटर इकडं सरकव." बोटं आत घालून एकेक खाच चाचपली, तिची खोली नखानं मापली. "पासष्ट फेरे भर. चार-दोन इकडंतिकडं असंन. चालू झाल्यावर हात ठेव. हात ठेवता येईना तर लगेच बंद कर." माझ्याकडे न बघता म्हणाले, "आन तो तुहा डब्बा मले दाखवू नको."

ठरल्या दिवशी लाइन आली. मोटर सुरू झाली, पाणी पाटात पडलं, काकू हसल्या. मी मोटरीवर पंजा ठेवून बसलो. ऊन लागत होती. किती ऊन म्हणजे जास्त, हे मला ठरवता येईना.

"असे काहून बसले भाऊ? झालं ना काम?"

"काकू, हा आकडा अंदाजाचा हाये. खरा माह्यापासून हरपला. पुन्हा जळू शकते."

काकूंनी आधी मोटरीकडं पाहिलं, मग गव्हाकडं.

"मंग हात काढू नका," त्या म्हणाल्या. "शेवटचा वाफा भिजेपर्यंत बसा इथंच."

बसलो. वाफे बरेच होते.