दाजींचा गुरुवार

व्यसनमुक्तीच्या बैठकीत मी आयुष्यात एकदाच बोललो, तेही चुकून. आमच्या दाजींना सोबत म्हणून गेलो होतो. एकेकजण उठून नाव सांगत होता, आणि किती दिवस घेतली नाही ते. पाळी आली तसा मीही उठलो आणि घाबरून आधीचा म्हणाला तेच म्हणालो, "आज तिसरा दिवस." टाळ्या पडल्या. मी सुपारीचं खांडही न खाणारा माणूस! दाजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. शेजारच्याला म्हणाले, "आमचे मेव्हणे. ह्यायच्यावर ध्यान ठिवा, घसरतील."

दाजी म्हणजे अक्काचे मालक, राजूरचे वायरमन. खिशात कायम टेस्टर. कुणाकडं चहाला गेले तरी बोर्डाला टेस्टर लावून पाहिल्याशिवाय बसायचे नाहीत. कामावरचा जोडीदार खांबावर शॉक लागून गेला, तेव्हापासून पिऊ लागले. लाइन बंद आहे, असं त्याला दाजींनीच सांगितलं होतं. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. बारा वर्षांनी ते पहिल्यांदा त्या बैठकीत बोलले.

जालन्याच्या डॉक्टरांनी ओढ कमी करणारी गोळी दिली होती आणि दर गुरुवारी समुपदेशक ताईंच्या बैठकीला बसायला सांगितलं होतं. "दोन्ही कशाला?" मी विचारलं. दाजी म्हणाले, "गोळी म्हंजे फ्यूज हाय पाव्हणं. लोड कुठून येऊन राह्यला, ते बसून बोलल्याबगर कळत न्हाई." मी मान हलवली. माझी हुशारी तेवढीच.

पाच महिने बरे गेले. अक्का फोनवर रडायचं सोडून भाजीपाल्याचं बोलू लागली. मग मी उपकार करायला निघालो. त्यांच्यासोबत माझेही गुरुवार बैठकीत जात होते, ते न सांगता म्हणालो, "दाजी, एवढ्या लांबून कशाला धक्के खाता? दवाखाना माझ्या ऑफिसच्या रस्त्यावरच आहे. गोळ्या मी आणून देत जाईन."

दाजी म्हणाले, "बराबर हाय. तुम्हाला बी किती दिवस तरास."

सहा गुरुवार मी दवाखान्यातून गोळ्या आणल्या, रविवारी राजूरला पोचवल्या, गणपतीचं दर्शन घेऊन परतलो. दवाखान्यात ताई विचारायच्या, "ते का आले नाहीत?" मी छाती काढून सांगायचो, "एक गोळी चुकवत नाहीत."

खरंच चुकवत नव्हते. सातव्या रविवारी अक्का दारातच उभी होती. आत दाजी भिंतीकडं तोंड करून पडलेले. वास उंबऱ्यापर्यंत येत होता. "गोळी घेतली हो सकाळी," ते म्हणाले, जसा काही मीच डॉक्टर.

नंतर मी गाडी घेऊन गेलो, बैठकीला चला म्हणून हात जोडले. "आता ताईला काय तोंड दाखवू?" दाजी एवढंच म्हणायचे. वर्षभरात लिव्हर गेलं, पाठोपाठ दाजी गेले. टेस्टर शेवटपर्यंत उशाशी होता.

तेराव्याहून परतताना मी बायकोला म्हणालो, "आपल्याच्यानं झालं तेवढं केलं त्यांचं."

ती खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "त्या दिवशी बैठकीत त्यांच्यासोबत चुकून उठून उभे राहिलात ना, तेवढंच केलंत."