सलीम सरांनी फळ्यावर लिहिलेली वाक्यं

ज्यांनी मला भर वर्गात चोर ठरवलं होतं, ते सलीम सर आज सकाळी गेले.

बीबी या गावाजवळच्या आमच्या खेड्यात दहावीपर्यंत शाळा होती आणि इंग्लिशला सलीम सर होते. कडक माणूस. शर्ट इन केलेला, खिशात कायम खडूचा तुकडा. ग्रामर मात्र असं शिकवायचे की मागच्या बेंचवरचेही पास व्हायचे.

मी दहावीत होते.

शाळेत एकच मोठी डिक्शनरी होती, सरांच्या ड्रॉवरमध्ये. घरी न्यायची परवानगी नव्हती, म्हणून मी मधल्या सुट्टीत मागून घ्यायचे आणि तिथेच बसून वाचायचे.

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि डिक्शनरी गायब.

"शेवटी कोनी घेतली होती?" सरांनी विचारलं.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटची मीच घेतली होती, हे खरंच होतं.

"मी परत ठेवली होती सर."
"मंग गेली कुठं? पाय फुटले का तिले?"

वर्ग हसला.

त्या दिवशी अॅक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉइसचा सराव होणार होता. सरांनी फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं.

Kavita stole the dictionary.

म्हणाले, "चेंज द व्हॉइस."

अख्खा वर्ग खाली मान घालून सोडवायला लागला. कर्म पुढे आणा, was लावा, क्रियापदाचं तिसरं रूप, मग by.

मीही सोडवलं.

The dictionary was stolen by Kavita.

माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात. सरांनी त्यावर बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही.

वडील मी लहान असतानाच गेले होते. घर, वावर, सगळं आईच पाहायची. तिनं एवढंच विचारलं, "तू घेतलं का ते पुस्तक?"
"नाही."
"मंग झालं. चाल माह्यासंगं कापूस वेचाले."

आठवड्याभरात नातेवाईक म्हणायला लागले, पोरीचं शिकणं झालं, आता पाहुणे बोलवा. एक स्थळ आलंसुद्धा. आई नाही म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही.

नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी, सरांची गाडी येऊन थांबली.
हातात डिक्शनरी.

"माह्या घरी सापडली," सर म्हणाले. "पेपर काढाले मीच नेली होती सुट्टीत. कपाटावर कपड्यायच्या ढिगाखाली होती. ध्यानातच राह्यलं नाई. माफ कर बेटा."

आज वाटतं, त्यांना ती गुपचूप ड्रॉवरमध्ये ठेवता आली असती. कोणाला काही कळलं नसतं. तेव्हा मात्र मला नुसतं रडू आलं.

आईनं कमरेची ओटी सोडली, कापूस खाली ठेवला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"सर, इतल्या लांब आले, पानी घ्या. पन एक सांगू का? चोर म्हनलं ते साऱ्या वर्गात, अन् माफी इथं वावरात. इथं कोन हाय आयकाले?"

सरांनी तांब्या घेतला. पाणी प्यायले. तांब्या परत दिला.

"बरोबर हाय बाई तुमचं. उद्या पाठवा तिले."

सोमवारी गेले. वर्गात जाऊन माझ्या जागेवर बसले.

सरांनी डिक्शनरी सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवली आणि फळ्यावर लिहिलं.

Kavita was blamed.

"अॅक्टिव्ह करा."

कोणालाच जमेना. शेवटी माझ्या शेजारची संगीता उठली. "सर, यात by नाहीच. दोष कोनी देल्ला ते कसं समजन?"

"हाव. पॅसिव्हमधी करनाऱ्याले लपता येते," सर म्हणाले, आणि त्याच वाक्यापुढं दोन शब्द जोडले. by me.

मग खाली स्वतःच उत्तर लिहिलं.

I blamed Kavita.

वळून म्हणाले, "डिक्शनरी माह्या घरी होती. हिनं चोरली नाई. चूक माही हाय. लिहून घ्या वहीत."

सगळ्यांनी लिहून घेतलं. या वेळी कोणी हसलं नाही.

लगेच सगळं गोड झालं असं नाही. वर्षभर मी सरांशी कामापुरतंच बोलले. त्यांनीही ओढूनताणून जवळीक दाखवली नाही. फक्त शनिवारी डिक्शनरी घरी न्यायला मिळू लागली, आणि तीही आळीपाळीनं सगळ्यांनाच.

ते स्थळ आईनं परत पाठवलं. मी दहावी झाले, बारावी झाले, डी. फार्म केलं. आज सुलतानपुरात माझं मेडिकल आहे. रिटायर झाल्यावर सरही इथेच राहायला आले. बीपीच्या गोळ्या माझ्याकडूनच न्यायचे.

मागच्या महिन्यात गोळ्या घेतल्या आणि पायरीवर थांबले.

"कविता, तुह्या मायनं मले माफ केलं का?"

इतक्या वर्षांनी! काउंटरवर गर्दी होती. मी हसून म्हटलं, "विचारून सांगते सर."

आणि विसरले.

आज सकाळी त्यांच्या मुलीचा, नाझियाचा, फोन आला. मी आईला सांगितलं. ती खाटेवर बसून राहिली. थोड्या वेळानं मी सरांचा प्रश्न तिला विचारला.

"कवाच केलं व," आई म्हणाली. "वावरात आले तवाच. इतला मोठा मास्तर धुऱ्यावर उभा राहून लेकराले माफ कर म्हनते, आनखी काय पाह्यजे?"

"मंग वर्गात काऊन मागाले लावली?"

"ते तुह्यासाठी होतं. माह्यासाठी नाई."

दुपारी आम्ही दोघी त्यांच्या घरी जाऊन आलो. आई नाझियाचा हात धरून बसली होती. माझ्याच्यानं तिथं काही बोलवलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

सर, आईनं तुम्हाला त्याच दिवशी माफ केलं होतं.
सांगायला मी उशीर केला.

तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा सलाम.