निर्मलच्या पुढची पानं

दिवाकरच्या घरून वहिनींचा फोन सकाळी आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच बोलल्या. अमरावतीहून अकोल्याला पोहोचेपर्यंत मला रडू आलं नाही... खरं जाणणारा आता मी एकटाच उरलो, हेच डोक्यात फिरत होतं.

सायकलवर देश पालथा घालणारा आणि त्यावर पुस्तकं लिहिणारा दिवाकर अनेकांना ठाऊक आहे. अमरावती ते कन्याकुमारी या प्रवासावरच्या पहिल्या पुस्तकात शेवटपर्यंत त्याच्यासोबत असलेला मित्र म्हणजे मी. पण मी तेलंगणातल्या निर्मलपर्यंतच गेलो होतो. ताप नव्हता, पाय दुखत नव्हते. मन उठलं, बस. परतीच्या बसच्या टपावर माझी सायकल चढवून दिवाकर म्हणाला, "जाय तू. मी पाह्यतो पुढचं." गावाने हार घालून निरोप दिला होता, त्यामुळे घरी जायची लाज वाटली. महिनाभर चांदूर रेल्वेला बहिणीकडे लपून राहिलो. परतताना दिवाकर रेल्वेने तिथेच उतरला. अमरावतीत आम्ही सोबत शिरलो, दोघांच्याही गळ्यात हार पडले. पुढे पुस्तकात त्याने पानोपानी 'आम्ही' लिहिलं.

गेल्या वर्षी आजारपणात तो म्हणाला, "नवी आवृत्ती येऊन राहिली. तेवढं एक खोटं काढून टाकू काय? मले जड झालं रे ते."

"माह्या पोरीनं शाळेत त्याच्यावर भाषण देलं, दिवाकर. राहू दे."

तो हसला. "तुही पोरगी तरी निर्मलच्या पुढं जाईन." पुन्हा विषय काढला नाही.

तेरवीनंतर वहिनींनी दोन वह्या समोर ठेवल्या. रोज मुक्कामाच्या गावी पोस्टात जाऊन वहीत शिक्का घ्यायचा, ही आमची रीत. माझी वही त्याच्याच पिशवीत राहून गेली होती.

"तुमच्या वहीत निर्मलच्या पुढं शिक्के कावून नाईत, भाऊजी?"

"पोस्ट बंद असंन."

"सगळ्याच गावचं?"

मी होकारार्थी मान डोलावली. त्या उठून आत गेल्या.

वही आता माझ्या टेबलावर आहे. निर्मलनंतरच्या प्रत्येक पानावर त्याने माझ्यासाठी मुक्कामाच्या गावाचं नाव लिहिलंय, थेट कन्याकुमारीपर्यंत... आणि शिक्क्याची जागा कोरी ठेवली आहे. मागितला असता तर कुठल्याही पोस्टमास्तरने दुसरा शिक्का मारून दिला असता. त्याने मागितला नाही.

वहिनी, तुमच्यासमोर बसून सांगवलं नाही म्हणून इथे लिहितो आहे. पोस्टं उघडी होती. मीच नव्हतो. दिवाकरने विचारलं तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं, आणि तेव्हा ऐकायला तो होता.